बारा बरण्या

सिंधूताईंनी कॉलेजच्या प्रयोगशाळेचं दार उघडलं. काचेच्या मोठ्या टाकीत एकही मासा नव्हता. टेबलावर बारा बरण्या लख्ख घासून मांडलेल्या आणि प्रत्येकीत एकच गप्पी मासा.

"पुंजाजी, हे काऊन केलं?"

"सायबाले एकेक नीट दिसला पाह्यजे ना, बाई," शिपाई पुंजाजी अभिमानानं म्हणाले. "पाहुण्यायले आपण येगयेगळी ताटं वाढतो, तसंच."

आता या माणसावर ओरडायचं तरी कसं? हिवताप खात्याच्या हौदातून आणलेल्या या माशांतले सहा बाई बरण्यांत एकेकटे ठेवत, सहा टाकीत एकत्र. कौलाच्या तुकड्याआडून कोण किती वेळात खायला बाहेर येतो, ते सहा महिने रोज घड्याळ लावून पाहत. सोबतीतले धीट, एकटे भित्रे, हे कोणीही सांगेल. बाईंचं म्हणणं त्याच्या पुढचं होतं. सोबतीनं मेंदूतली रसायनंच बदलतात! ती मोजायची सोय नागपूरला होती, आणि त्यासाठी आज तिथून तपासणीला येणाऱ्या साहेबांची सही हवी होती.

साहेब मलकापूरला रेल्वेतून उतरून बसनं घाट चढून आले, ते वैतागलेलेच. झाला प्रकार बाईंनी लपवला नाही. पुंजाजी मात्र केव्हाच कपाटामागं गेले होते.

"साहेब, हे बारा एकेकटे आहेत. खायला टाकते, बघा."

पाच मिनिटं गेली. एकही मासा कौलाआडून हलला नाही.

"आता कोणत्याही सहा बरण्या तुमच्या हातानं टाकीत ओता."

साहेबांनी ओतल्या, बाईंनी खाणं टाकलं. थोड्याच वेळात एक तोंड बाहेर आलं, मग दुसरं, आणि बघता बघता सहाही खाण्यावर तुटून पडले. बाईंचा जीव भांड्यात पडला.

"छान," साहेब म्हणाले. "पण मेंदू तपासायचे ते सहा महिने एकटे राहिलेल्यांचे आणि एकत्र राहिलेल्यांचे. आता त्यांतला कोणता कोण, हे कसं सांगणार?"

बाईंनी कपाटाकडे पाहिलं.

"पुंजाजी, इकडं या. माह्याजवळ उभे राहा."

पंधरा वर्षांच्या नोकरीत बाहेरच्या साहेबासमोर चकार शब्द न काढलेला हा माणूस मान खाली घालून आला, बाईंच्या शेजारी उभा राहिला, आणि बोट पुढं करून बोलू लागला. "हा तुटक्या शेपटीचा पह्यलेपासून टाकीतला. हा काळ्या ठिपक्याचा एकटा. थो पिवळा टाकीतला..."

बाराही ओळखले. साहेबांनी उरलेल्या बरण्या फिरवून पुन्हा विचारलं, टाकीतल्यांवरही बोट ठेवून विचारलं. प्रत्येक वेळी तेच उत्तर, एकदाही गडबड नाही.

"मग इतका वेळ का गप्प होता?"

"म्याच चारतो ना यायले, सायब. समदं मालूम होतं. पण कपाटामागं थूकबी गिळता येत नव्हतं." पुंजाजींनी मान वर केली. "बाईजवळ आलो अन् तोंड फुटलं. मेंदूतलं मोजाचंच असन, तं पह्यले माह्यं मोजा."

साहेब मोठ्यानं हसले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.