हे खेचर कुणाचं?

मी खेचर बोलतोय. आई घोडी, बाप गाढव. आमच्या खानदानात शाळेचं तोंड कुणी बघितलं नाही, तवा जे बोलीन ते सरळ. पटलं तर ऐका, नाहीतर चालते व्हा.

जन्म अमेरिकेतल्या टेनेसीचा. पहिला मालक हौशी, जत्रेत ओझं ओढायच्या शर्यतीला न्यायचा. एकदा मी भर मैदानात बसकण मारली. त्यानं मला फुकापासरी विकून टाकलं.

तेव्हापासनं होलिसकडं. जॉर्जियाच्या किनाऱ्याकडं एक जुनी कापसाची वाडी आहे, ती तो लोकांना दाखवतो. शाळेची पिवळी बस येते, आठवीची पोरं उतरतात, इतिहासाला म्हणून. मी गाडा ओढायचा, होलिसनं बोलायचं. दर खेपेला तेच. "हा मालकांचा बंगला. अन् त्या खोपटांत कामकरी राहायचे." पोरं उकडलेल्या शेंगा खात बसतात. गाडा पुढं.

व्हर्लीनबाई इतिहासाच्या मास्तरीण. त्यांचं घराणं त्याच खोपटांतलं. मागच्या साली त्या गाड्यात 'गुलाम' बोलल्या, तर कुणाच्या तरी बापानं तक्रार केली, पोराला वाईट वाटलं म्हणून. हेडमास्तरनं दम भरला, पुन्हा बोललात तर इतिहास काढून घेईन.

यंदा मी खोपटांपाशी थांबलो. नंतर लोक म्हणाले, मुक्या जनावराला कळलं. डोंबलाचं कळलं! तिथं सावली होती अन् माश्या कमी.

"चल की रं ए आळश्या!" होलिस ओरडला. मी ढिम्म.

डॅनिका नावाच्या पोरीनं विचारलं, "कामकरी होते, तर काम सोडून का नाही गेले?"

"अगं, बरं चाललं होतं त्यांचं. खाणंपिणं, घर..."

"होलिस," बाई म्हणाल्या, "आईजवळचं लेकरू विकलं की बरं चालतं व्हय रे?"

"बाई, गप बसा. तास जाईल तुमचा."

"जाऊ दे. आजचा तर माझाच आहे ना?"

मग त्या बोलल्या. गुलाम होते. पळाले तर मालक मागं कुत्री सोडायचे. उत्तर-दक्षिणेची लढाई झाली, दक्षिणेचे मालक हरले, गुलाम सुटले. जिंकलेल्या फौजेनं सांगितलं, चाळीस-चाळीस एकर जमीन देऊ. लोक म्हणाले, वर एक खेचर मिळणार. काहींनी जमिनी पेरल्यासुद्धा. वर्षभरात सरकारनं शब्द फिरवला, जमिनी परत जुन्या मालकांच्या घशात.

डॅनिका माझ्याकडं बघत राहिली. "मग हे खेचर कुणाचं?"

होलिसनं लगाम झटकला.

बाईंचा इतिहास गेला. आता त्या हस्तकला शिकवतात म्हणे. मला रडूबिडू आलं नाही, ते काम माणसांचं.

होलिस मात्र त्या वळणावर आता मुकाच असतो. 'कामकरी' नाही, 'गुलाम' नाही. नुसता लगाम झटकतो, लवकर सुटावं म्हणून. पण मी म्हातारा झालोय, अन् घाई आमच्या रक्तातच नाही. खोपटं मागं पडेस्तोवर एक प्रश्न आरामात विचारून होतो. विचारा की लेकांनो, तोंडं शिवलीत का?