गुरुवारी व्रोत्सवावला

"आणि होडीत मी बसणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो," कोवळे बटाटे खरवडता खरवडता लुडविक म्हणाला.

"तुला कोण बसवतंय! तू काठावर बस पिशव्या सांभाळत. मी आणि इर्मिना फिरून येऊ," गेनिया म्हणाली. टेबलावर तिनं व्रोत्सवावचा नकाशा पसरला होता. तो मिटू नये म्हणून एका कोपऱ्यावर मिठाची बरणी आणि दुसऱ्यावर लुडविकचा चष्मा ठेवला होता.

गेनियानं सारी हयात टेकडीवरच्या सॅनिटोरियममध्ये चादरींना इस्त्री करण्यात घालवली. देशभरातून माणसं तिथलं पाणी प्यायला, हवा खायला येत. ती मात्र कुठे गेली नव्हती. व्रोत्सवाव रेल्वेनं दोन-अडीच तासांवर. तरी तिनं ते शहर एकदाच पाहिलं होतं, तेही लुडविकच्या मूतखड्याच्या ऑपरेशनच्या वेळी. स्टेशन, ट्राम आणि दवाखान्याचा हिरवा जिना, बस्स. त्यानंतर दर उन्हाळ्यात जायचं ठरायचं आणि दर उन्हाळ्यात लुडविकला काहीतरी आडवं यायचं. कधी दगडखाणीतली जादा पाळी, कधी गुडघा, कधी त्याच्या पाळीव सशिणीचं बाळंतपण.

सत्त्याण्णवच्या जुलैत मात्र सगळं जुळून आलं. इस्त्रीखोलीतली तिची जुनी मैत्रीण इर्मिना आता व्रोत्सवावलाच असायची, ओद्रा नदीच्या काठच्या वसाहतीत, तळमजल्यावर, अंथरुणाला खिळलेल्या आईला घेऊन. "गुरुवारी या," ती फोनवर म्हणाली होती. "माझ्याकडेच टेका रात्री. कॅथेड्रलच्या बेटावर अजून गॅसचे दिवे आहेत बघ. तिन्हीसांजेला काळा झगा घातलेला माणूस येतो आणि एकेक दिवा लावत जातो. ते पाहिल्याशिवाय मरायचं नाही, गेनिया!"

शनिवारी पाऊस लागला. त्यात नवल नव्हतं. डोंगरातलं गाव, जुलैत पाऊस यायचाच. पण हा थांबेना. त्याला ना वारा होता, ना गडगडाट. नळ उघडा राहिल्यासारखा तो नुसता पडत राहिला. रविवारी चर्चमधून येताना रस्त्यावर चिचुंद्र्या दिसल्या, भर दिवसा, भिजून चिंब, माणसांना न भिता चढाकडे निघालेल्या. लुडविक निसा नदीवरच्या लाकडी साकवापर्यंत जाऊन आला; हीच नदी पुढे ओद्रेला मिळून व्रोत्सवावकडे जायची. त्याचे ससे पलीकडे, नदीकाठच्या बागेतल्या खोपीत होते. परत आला तो कोट न काढताच खुर्चीवर बसला.

"नदी बरोबर दिसत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे काय?"

"गढूळ आहे ते सोड. आवाज येतोय खालून. तळातले धोंडे घरंगळतायत. इतक्या वर्षांत हा आवाज मी ऐकला नव्हता." मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "गुरुवारचं पुढे ढकलू या का?"

गेनिया भडकलीच. "आलं! मी वाटच बघत होते. गुडघा झाला, ससे झाले, आता नदी! तुला यायचंच नसेल तर तोंडानं सांग, नदीला कशाला मध्ये घालतोस?"

 लुडविक उठला, दोघांचे बूट काढले आणि पॉलिश करत बसला. तिच्या बुटांना त्यानं दोनदा ब्रश मारला. "जाऊ," तो म्हणाला. "ठरलंय ना, मग जाऊ."

सोमवारी रेडिओ म्हणाला, पाऊस ओसरेल. गेनियानं प्रवासासाठी अंडी उकडायची किती, कटलेट तळायची कधी, याचा विचार चालवला होता. दुपारी तळघरात पाणी आलं. ते रस्त्यावरून नव्हे, जमिनीतून, फरशीच्या फटींतून वर आलं. संध्याकाळी अग्निशामक दलाचा बोलेक दारोदार ओरडत फिरला. "वर चला! शाळेत चला! सामान राहू द्या!"

लुडविक तेवढ्यात दोन ससे कोटात घालून घेऊन आला होता. ते त्यानं गेनियाच्या हातात दिले. त्यांची काळजं इतकी धडधडत होती की तिचे तळवे थरथरले.

"बाकीच्यांचे पिंजरे उघडून येतो. पोहतील बिचारे."

"मरू देत ते ससे! लुडविक, तू येतोयस की नाही?"

"आलोच गं. तू चढाला लाग."

ती चढाला लागली. वळणावर तिनं मागे पाहिलं. अजून उजेड होता. लुडविक परतीच्या वाटेवर साकवाच्या मध्यावर आला होता, एका हातानं कठडा धरून, दुसरा हात तिच्याकडे उंचावून. जा, जा, असा. वरच्या अंगानं एक अख्खं झाड आलं, मुळांसकट, अगदी सावकाश आल्यासारखं वाटलं. साकव मोडल्याचा आवाजही झाला नाही. धोंड्यांच्या आवाजात तो बुडून गेला. झाड पुढे निघून गेलं तेव्हा तिथे नुसती नदी होती.

तो बुधवारी सकाळी सापडला, गावाच्या खालच्या बाजूला, विलोच्या झाडांत. बोलेकनं टोपी काढली आणि म्हणाला, "कुबात्स्का बाई, तुम्ही बघू नका, मी सांगतो ना, तेच आहेत." तिनं पाहिलं. मग चिखल तुडवत ती सॅनिटोरियमवर गेली. तिथला फोन चालू होता. इस्त्रीखोलीशेजारचा, भिंतीवरचा.

"गेनिया! अगं, घरी लावला तर लागतच नव्हता," इर्मिना आनंदानं ओरडली. "उद्या कितीच्या गाडीनं येताय? मी चेरीचा केक करायला घेतलाय."

"इर्मिना, ऐक. आईला वर ने. आजच. तिसऱ्या मजल्यावर कुणी ओळखीचं आहे ना?"

"आईला? का?"

"पाणी येतंय."

"हो गं, टीव्हीवर दाखवतात तुमच्याकडचं. पण इथे ऊन पडलंय! आमचा वसाहतीचा साहेब म्हणतो, बांध उंच आहे, पायसुद्धा भिजणार नाहीत. लोक तर पुलावर जाऊन बघतायत, पोरांना आइसक्रीम घेऊन देतायत."

"लुडविकही बघायला जायचा."

"मग? काय म्हणतो तो?"

गेनियानं भिंतीला हात टेकला. आतून गरम कापडाचा वास येत होता. एवढ्यातही कुणीतरी इस्त्री करत होतं.

"तो आता काही म्हणत नाही, इर्मिना."

पलीकडे केकचं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग इर्मिनाचा श्वास ऐकू आला. "नेते मी," ती म्हणाली. "आत्ता नेते वर."

लुडविकला शुक्रवारी पुरलं. वरची दफनभूमी कोरडी होती. शनिवारी ओद्रा व्रोत्सवावच्या रस्त्यांत शिरली. शाळेच्या जेवणघरात टीव्हीपुढे गर्दी झाली. चौकातून होड्या चालल्या होत्या, ट्रामच्या खिडक्यांना पाणी लागलं होतं. गेनियानं एकदा पाहिलं आणि सूप वाढायला परत गेली.

तिसऱ्या दिवशी तिला सॅनिटोरियमवर फोनला बोलावलं. इर्मिनाचा आवाज बसला होता.

"खालचं गेलं सगळं. पाणी खिडकीच्या वर होतं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना काढता आलं नाही वेळेवर. आई माझ्याजवळ आहे. ठीक आहे. सारखी विचारते, पाणी येणार हे तुला कुणी सांगितलं? साहेबाला कळलं नाही, टीव्हीला कळलं नाही. काय सांगू तिला?"

गेनियानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"लुडविकनं सांगितलं म्हणावं," ती म्हणाली.