लाल स्प्रिंग

सुरतेत कतारगामच्या त्या गल्लीत खानदेशातून आलेल्या कुणाला गाडी घ्यायची असली, की आधी सुपडू मिस्त्रीला विचारायचं आणि मग बायकोला. सुपडू मूळचा पॉवरलूमवरचा जॉबर. माग दुरुस्त करता करता मोटारसायकलींकडे वळलेला. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि दुखणं अचूक सांगायचा. लोक म्हणायचे, सुपडूचा कान खोटं ऐकत नाही. असल्या बोलण्याची माणसाला चटक लागते हो! आणि चटक लागली की अक्कल गहाण पडते.

शहाण्णवच्या थंडीत कडोदऱ्याच्या हायवेवरच्या एका शोरूमवाल्या शेठने हे बरोबर हेरलं. बारडोलीकडे ऊस तुटलेल्या रानात मोटोक्रॉसची शर्यत ठरली होती, मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारत धावायची. शेठने दारात मांडव घालून तीन गाड्या उभ्या केल्या. एक साधी, रोज रस्त्यावर दिसते ती. दुसरी तिचीच महागडी बहीण, ‘स्पेशल’: उंच मडगार्ड, दातेरी टायर, मागे लालभडक स्प्रिंग. तिसरी कंपनीच्या स्वतःच्या शर्यतवाल्यांची. ती विकायची नव्हती, दोरीपलीकडे नुसती बघायची. तिचीही स्प्रिंग लालच.

“सुपडूभाई, तमे बोलो. तुमची माणसं तुमचंच ऐकतात,” असं म्हणत शेठने त्याला खुर्ची दिली, नारळ दिला आणि डोक्यावर कंपनीची टोपी चढवली.

सुपडूने तिन्ही गाड्यांना कान लावला. साधी घोगरी वाजत होती. स्पेशल आणि शर्यतवाली, दोघी खणखणीत. अरे, सायलेन्सर बदलला की कुठलंही खटारं खणखणीत बोलतं, हे शेंबडं पोरही सांगेल! पण समोर पन्नास माणसं, डोक्यावर टोपी. शिवाय स्प्रिंग काही आवाज करत नाही, ती बघावी लागते. सुपडूने बघितली नाही.

“स्पेशल आणि शर्यतवाली, एकच माल,” तो मोठ्याने म्हणाला. “साधी काय, दूध आणायला ठीक आहे.”

गर्दीत गजेंद्र होता, सुपडूचा शेजारी. बारा-बारा तास मागावर उभा राहायचा, पण गाडीवर बसला की गल्ली थांबून बघायची. शर्यतीत पहिल्या तिघांत आला तर कंपनी त्याला आपल्या संघात घेणार होती. मग माग सुटला, कानातली घरघर सुटली.

“भाऊ, दोन्हीस्मा फरक काय शे?” त्याने विचारलं.

“काही नाही रे. डोळे मिटून घे.”

गजेंद्रने डोळे मिटून स्पेशल घेतली.

शर्यतीच्या आदल्या दुपारी सुपडू गजेंद्रच्या स्पेशलचे नट आवळत होता. पाना सटकला, स्प्रिंगवरचा लाल टवका उडाला आणि खाली काळा रंग दिसला. त्याने नखाने खरवडलं. मग फळीवरची साध्या गाडीची स्प्रिंग काढून शेजारी धरली. तीच तार, तेवढेच वेढे, ठोकलेला नंबरही तोच. एका मोठ्या उडीवरून आपटली की ही दबून बसणार, हे त्याला लख्ख दिसलं.

गजेंद्र बाहेर ओट्यावर बूट पुसत होता. एक हाक पुरली असती. पण पन्नास माणसांसमोर केलेला तोरा मग कुठे लपवायचा?  सुपडू घरात गेला, बायकोची, सुंदराची, नेलपॉलिशची बाटली आणली आणि टवक्यावर लाल बोट फिरवलं.

“हे काय चाललंय?” सुंदराने विचारलं.

“काही नाही. टचिंग.”

दुसऱ्या फेरीत, तिसऱ्या उडीला स्प्रिंग बसली. गाडीने गजेंद्रला फेकलं आणि ती त्याच्याच पायावर पडली. कंपनीच्या गाड्या त्याच उंचवट्यावरून अलगद उतरून पुढे गेल्या. गजेंद्रचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

शेठ म्हणाला, चालवणाऱ्याची चूक. गजेंद्र म्हणाला, नशीब. सुपडूला कुणी एका शब्दाने बोललं नाही. त्यानंतर चार महिने त्याला घास गोड लागला नाही. चपलेने मारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटे.

एके सकाळी गजेंद्र कुबड्यांवर गॅरेजात आला. बरोबर पिशवीत दोन नकली पाय. एक शिबिरात फुकट मिळालेला, साधा. दुसरा दुकानातून बघायला आणलेला, महाग, अगदी कातडीच्या रंगाचा.

“भाऊ, दोन्हीस्मा फरक काय शे? तू सांगशी तेच खरं.”

 सुपडू महागड्या पायाचे स्क्रू काढू लागला.

“उघडतोस कशाला?” गजेंद्र हसला. “नुसता कान लाव ना.”

सुपडूने शेवटचा स्क्रूही काढला. आतली नळी दोन्हीत एकच होती. “साधाच घे,” तो कसाबसा म्हणाला. “याला वरून नुसता रंग आहे.”

“बघ! म्हणून तर तुला विचारतो.”

चहा घेऊन आलेली सुंदरा दारात उभी होती. शर्यतीच्या दिवसापासून तिने नखं रंगवली नव्हती. “रंगातलं तुम्हाला बरं कळतं,” ती म्हणाली, आणि चहा ठेवून आत गेली.

गजेंद्रच्या काही ध्यानात आलं नाही. त्याने साधा पाय चढवला, सुपडूच्या खांद्यावर हात टेकला आणि दोन पावलं चालून बघितलं.