वर्ष संपू दे

पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत तोंड उघडायचं काम एकाच बाईकडे होतं. मोठ्या साहेबांचं भाषण, वर्तमानपत्रांना द्यायची निवेदनं, वार्षिक अहवाल, फाटकावरच्या फलकावरची ओळ, सगळं तिच्या हातून जायचं. हुद्दा होता संपर्क प्रमुख. प्रमुख म्हणायचं एवढंच, कारण खात्यात माणसं दोन. एक ती आणि दुसरे मास्तर.

मास्तर पानं मांडायचे. चित्रं, रंग, अक्षरांचे आकार त्यांच्याकडे. पूर्वी ते शाळेत चित्रकला शिकवत. शाळा सुटून जमाना झाला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. वयानं ते तिच्याहून बरेच मोठे, हुद्द्यानं खाली. शाळेतल्या सवयीनं तिला ‘बाई’ म्हणायचे. तिनं सुरुवातीला एकदोनदा तोंड वाकडं केलं, मग सोडून दिलं.

वर्षअखेर आली की कंपनीतल्या प्रत्येक खात्याला आपण वर्षभर काय दिवे लावले ते एकदम आठवायचं आणि ते सगळं छापून हवं असायचं. विक्रीवाल्यांना चार पानं हवीत, कारखान्याला सहा. साहेबांना मुखपृष्ठावर निळा रंग हवा, साहेबांच्या बायकोनं बघितल्यावर तो नको. तिचा फोन टेबलावर सारखा थरथरत असायचा. ती उभ्यानंच दोन घास पोटात ढकलायची आणि घरी पोचल्यावरही कुणी हाक मारली की दचकायची.

घरी आईच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनची तारीख दोनदा ठरली आणि दोनदा पुढे गेली.

“वर्ष संपू दे गं आई, मग निवांत करू,” ती म्हणायची.

“वर्ष संपायची वाट बघतेस की माझी?” आई विचारायची, आणि स्वतःच हसायची. हसताना तोंड भलत्याच दिशेला असायचं, कारण लेक नेमकी कुठं उभी आहे ते तिला दिसायचं नाही.

अशात एका सकाळी मनुष्यबळ खात्याच्या प्रमुखानं तिला बोलावून घेतलं. या गृहस्थाला पाठीमागे सगळे ‘मधाळ’ म्हणत. माणूस इतका गोड बोलायचा, की त्याच्या खोलीतून बाहेर पडल्यावर आपलं काय गेलं ते जिना उतरेपर्यंत कळायचं नाही.

“दोन छोटी कामं आहेत,” मधाळ म्हणाला. “एक म्हणजे आपल्या कंपनीच्या अंकासाठी लेख. वर्षअखेरचा ताण कसा हाताळावा. तुमच्याइतका अनुभव कुणाला आहे?”

ती कसंनुसं हसली. मग त्यानं उठून दार लावलं.

“आणि एक निवेदन. काही सहकाऱ्यांना निरोप द्यावा लागतोय. शब्द मऊ हवेत. लोकांना वाटलं पाहिजे की आपल्यालाही वाईट वाटतंय.”

“वाटतंय का?” तिनं विचारलं.

“म्हणून तर तुम्हाला सांगतोय,” मधाळ म्हणाला. “तुमच्याकडचं पानं मांडायचं कामही आपण बाहेर देतोय. एक एजन्सी बघितलीय. तेव्हा तुमचे मास्तर… पण हे या खोलीतच राहू दे.”

तिच्या तोंडातून आलं ते भलतंच.

“मग अहवाल कोण पूर्ण करणार?”

“अहवाल होईस्तोवर ते आहेतच की,” मधाळ म्हणाला, आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं.

जागेवर येऊन बसली तेव्हा कुठं आपण काय विचारलं ते तिला उमगलं. त्या माणसाचं काय होणार, हे विचारलंच नव्हतं. समोर मास्तर चष्मा कपाळावर चढवून मुखपृष्ठाचा रंग बदलत होते.

“बाई, हिरवा करून बघू का? साहेबांच्या बायकोला हिरवा चालेल. पंपाला शेवाळ आल्यासारखं दिसेल, पण चालेल.”

ती हसली. हसता आलं, याचंच तिला नवल वाटलं.

निवेदन तिनं एका बैठकीत उरकलं. हात सरावलेला होता. ‘जड अंतःकरणानं’ लिहिलं, ‘आपलं कुटुंब’ लिहिलं, ‘या प्रवासातील आपला वाटा आम्ही विसरणार नाही’ असंही लिहिलं. वाचून बघितलं तर खरंच गलबलून आलं, आणि मग स्वतःचीच शिसारी आली.

मास्तरांना सांगायचं, हे तिनं मनाशी ठरवलं होतं. पण आज सांगितलं आणि ते उद्या आलेच नाहीत तर? अहवाल लटकला तर साहेब तिला सोलून काढतील. अहवाल छापखान्यात गेला की लगेच सांगू, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. एकदा चहाच्या यंत्रापाशी दोघंच होते. ओठांवर आलेलंही होतं. तेवढ्यात मास्तर म्हणाले,

“लेकीकडे जायचं रद्द केलं बरं का. नातीचं तोंड अजून बघितलं नाहीये, बायको धुसफुसतेय. पण तुम्हाला एकटीला टाकून कसा जाऊ? नात काय, पळून जातेय थोडीच!”

तिनं पेल्यात तोंड घातलं. चहा पोळला, तरी ती पीत राहिली.

पुढच्याच आठवड्यात, साहेबांच्या फोटोंपैकी कुठला कमी थकलेला दिसतो यावर खल चालू असताना शेजारणीचा फोन आला. आई जिन्याची पायरी चुकली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ती उठली तेव्हा तिच्या हातात साहेबांचे दोन फोटो तसेच होते. मास्तरांनी ते अलगद काढून घेतले.

“निघा तुम्ही. अहवालाचं माझ्यावर सोडा. एक अक्षर इकडचं तिकडं होऊ देणार नाही.”

“मास्तर, मला तुमच्याशी…”

“आईकडे बघा आधी. बाकीचं मागाहून बोलू.”

ती निघाली. जिना उतरताना आपली सुटका झाली असं तिला वाटलं, आणि ते वाटणं तिला पुढे कधी विसरता आलं नाही.

दवाखान्यात आईच्या पायात सळई घातली. नवरा औषधं आणायचा, डॉक्टरांशी बोलायचा, तिला घरी पाठवायचा. डोळ्याच्या ऑपरेशनचा विषय त्यानं काढला नाही. “मी काही बोलत नाही,” एवढंच एकदा म्हणाला आणि खरोखरच बोलला नाही. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

अहवाल छापखान्यात गेला त्या दुपारी आईच्या उशाशी बसल्या बसल्या तिच्या फोनवर एक मेल आली. सर्व कर्मचाऱ्यांसाठी. ‘जड अंतःकरणानं.’ मधाळनं एक स्वल्पविरामही बदलला नव्हता.

संध्याकाळी मास्तर दवाखान्यात आले. हातात पिशवीभर संत्री. आधी आईपाशी बसले, तिची विचारपूस केली. “आजी, आता पळायच्या शर्यतीत नाव घालू नका हं,” म्हणाले. आई कितीतरी दिवसांनी खळखळून हसली. मग ते बाहेरच्या बाकावर तिच्याशेजारी येऊन बसले.

“पानं गेली. रंग शेवटी निळाच.”

“मास्तर…”

“ते निवेदन वाचलं. मला बोलावून हातातही दिलं, कागदावर. पहिल्या ओळीतच ओळखलं. एवढी वर्षं तुमची वाक्यं पानात बसवतोय, बाई. तुमचं वाक्य कुठं दम खातं, ते मला झोपेतही कळेल.”

मग त्यांनी थेट विचारलं,

“कधीपासून माहीत होतं?”

त्यात तुमचं नाव आहे ते आजच कळलं, असं म्हणता आलं असतं. त्यांनी कदाचित मानूनही घेतलं असतं.

“तुम्ही मुखपृष्ठ हिरवं करत होता तेव्हापासून.”

मास्तरांनी मान हलवली. मनातल्या मनात दिवस मोजले.

“म्हणजे नातीकडे जायचं रद्द केलं, तेव्हा माहीत होतं.”

“हो.”

“तेवढं तरी सांगायचं होतं. नोकरीचं नसतं सांगितलं तरी चाललं असतं. नुसतं ‘जा’ म्हणायचं होतं.”

ते उठले. आईला आत जाऊन “येतो आजी” म्हणाले. तिला काहीच म्हणाले नाहीत.

नव्या वर्षात कंपनीनं तिचं कौतुक केलं. मोठे साहेब भर सभेत म्हणाले, की इतकं माणुसकीचं निवेदन त्यांनी आजवर वाचलं नव्हतं. अहवालाच्या शेवटच्या पानावर आभारात तिचं नाव होतं. मास्तरांचं नव्हतं. ते पान मास्तरांनीच मांडलं होतं, आणि स्वतःचं नाव घालायचं त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं. ते बघायचं काम तिचं होतं.

एजन्सीवाले हुशार होते, पण पाचनंतर फोन उचलत नसत, आणि मग पानं मांडायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. ताणावरचा लेख तिनं दिला नाही. मधाळनं तो दुसऱ्याच कुणाकडून लिहवून घेतला. दीर्घ श्वास घ्या, कामांची वाटणी करा, असं काहीबाही त्यात होतं. राजीनामा द्यायचं तिच्या मनात आलं, नाही असं नाही. पण आईचा दवाखाना होता, घराचे हप्ते होते. कारणं शोधायला तिला कधीच वेळ लागत नसे.

एका दुपारी तिनं धीर करून मास्तरांच्या घरी फोन लावला. त्यांच्या बायकोनं उचलला. तिनं आपलं नाव सांगितलं. पलीकडे थोडी कुजबुज झाली, मग बायकोचा आवाज आला.

“ते घरी नाहीत.”

“बरं. मग पुन्हा करते.”

“नका करू,” त्या म्हणाल्या. “ते इथंच बसलेत. नाही म्हणून सांग म्हणाले, म्हणून सांगितलं. मला मेलीला खोटं धड बोलता येत नाही.”

“कसे आहेत?”



“ते तुम्हाला कशाला हवंय?” असं विचारून त्यांनी फोन ठेवला. आवाजात राग नव्हता. खरंच कळत नव्हतं म्हणून विचारल्यासारखं त्यांनी विचारलं होतं.

बैठकीच्या खोलीच्या काचेपलीकडून मधाळ तिला हातानं खुणावत होता. बैठक सुरू झाली होती. ती वही उचलून आत गेली.