ट्रेस्कार्नांची मानाची खुर्ची

ट्रेस्कार्न घराण्याच्या मेळाव्यात मानाची खुर्ची मोडली. म्हणजे मोडलीच नाही. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधल्या त्यांच्या गावात कुणालाही विचारा, खुर्ची पॉलिशला गेलीय असंच सांगतील.

रीत अशी, की जगातला सर्वांत वयस्कर ट्रेस्कार्न त्या खुर्चीत बसून केशरी केक कापतो. यंदा तो मान चौऱ्याण्णव वर्षांच्या इसिल्डाआत्याचा होता. तेवढ्यासाठी आत्यानं नवी टोपी शिवून घेतली आणि भाची व्हर्ना तिला बार्बाडोसहून घेऊन आली. दोघी काळ्या आहेत हे दारातच सगळ्यांच्या लक्षात आलं. मग सगळे हवामानावर बोलले.

भिंतीवर आडनावाच्या प्रसाराचा नकाशा होता. लाल दोरे गावातून निघून कॅनडाला, ऑस्ट्रेलियाला पोचले होते. बार्बाडोसच्या नेमकं पुढे चहाचं पिंप. व्हर्नानं ते सरकवलं.

"इथे दोरा का नाही?"

"संपला," अध्यक्ष डिगरी ट्रेस्कार्न म्हणाला.

"तुम्ही सगळे ट्रेस्कार्न एका बाकावर मावता. आमच्याकडे बस पुरत नाही!"

"बाई, नाव पसरणं वेगळं आणि चिकटणं वेगळं."

"चिकटवलं कुणी? उसाच्या मळ्यासाठी माणसं विकत घेतली आणि गुरांना डाग द्यावा तसं आडनाव दिलं, ते तुमच्याच पूर्वजानं ना?"

डिगरी खाकरला. "खुर्चीचा मान गावात जन्मलेल्यालाच, असा नियम आहे."

"कधीपासून?"

"सकाळपासून."

"आणि मागच्या साली कुत्रा बसला होता तो? फोटो लावलाय की तिथे!"

"तो गावातच जन्मला," डिगरी गंभीरपणे म्हणाला. "आईसुद्धा इथलीच."

व्हर्नाचं डोकं सणकलं. कुत्र्याला चालतं आणि आत्याला नाही! तिनं खुर्ची उचलली. डिगरीनं एका बाजूनं धरली. काड्कन आवाज झाला. खुर्चीचा एक हात डिगरीकडे राहिला, बाकीची खुर्ची व्हर्नानं आत्यापुढे आदळली.

"बस आत्या. बघते कोण उठवतं ते."

आत्यानं खुर्चीकडे पाहिलं, मग डिगरीकडे. बसली नाही. टोपी सारखी केली आणि चर्चमध्ये वाचताना काढते तो आवाज काढला.

"माननीय अध्यक्ष महोदय, आपलं आडनाव साभार परत करत आहे. माझ्या खापरपणजीला मळ्यावर उतरवताना तिचं स्वतःचं नाव काढून घेण्यात आलं होतं. तरी ते, घेतलं तेव्हा होतं त्याच स्थितीत, शक्यतो आजचा चहा संपायच्या आत, आम्हाला परत मिळावं, ही विनंती."