पेन्सिलीने लिहिलेले दोन दिवस

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. खिशातल्या टॉर्चमधली चिमुकली नव्हे. मला उचलताना चांगला धडधाकट माणूसही कण्हतो. सध्या माझा मुक्काम एका बॅटरीवाल्या मिस्त्रीच्या दुकानात, मागच्या खोलीतल्या सगळ्यात खालच्या फळीवर आहे. इथे आम्ही बऱ्याच जणी आहोत, पण कोणी कोणाशी बोलत नाही. बोलायलाही अंगात थोडी वीज लागते.

माझी सगळी हयात एका मोटारहोममध्ये गेली. मोटारहोम म्हणजे चाकांवरचे घर. त्यात पलंग, ओटा, नळ, छोटा फ्रिज, सगळे काही असते. गाडी सुरू करणारी बॅटरी पुढे इंजिनापाशी बसते. ती माझी जाऊबाई. घर एक, पण चुली वेगळ्या. तिने सकाळी एक हिसका दिला की गाडी सुरू होते आणि सगळे तिला वाखाणतात. माझे काम मात्र संथ. दिवे, पाण्याचा पंप आणि फ्रिज यांना मी दिवसभर थोडे थोडे देत राहायचे. त्यातला फ्रिज हा खादाड. बाकीचे शितावारी घेतात, हा पातेले घेऊन बसतो.

आमचे मालक निवृत्त मोजणीदार होते. त्यांनी जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या. मिस्त्री त्यांना काका म्हणायचा, म्हणून मीही काका म्हणते, आणि त्यांच्या बायकोला काकू. मी नवीकोरी असताना काकांनी मला पूर्ण चार्ज केले, सगळे चालू ठेवले आणि घड्याळ घेऊन बसले. आमच्यासारख्या बॅटरीला निम्म्याच्या खाली उतरू देऊ नये, नाहीतर आयुष्य घटते, हे त्यांना ठाऊक होते. मीटरचा काटा निम्म्यावर आला तेव्हा त्यांनी माझ्या शेजारच्या कपाटाच्या दाराला आतून टोकदार पेन्सिलीने लिहिले, ‘एका चार्जवर दोन दिवस’. मग म्हणाले, "पोरगी गुणाची आहे." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षे काढली.

पण त्यानंतर माझे झाकण कोणी उघडले नाही. मी बाकाखाली होते. माझ्या डोक्यावर बसून माणसे जेवत, हसत, पत्ते खेळत, आणि मी खाली अंधारात त्यांची पावले ओळखत राही. काकूंचे पाऊल हलके होते. पुढे ते जड झाले, मग एक पाय ओढल्यासारखा वाजू लागला. हे मला कळत होते, पण मला विचारणार कोण?

एक वर्ष तर त्यांचा कुठे जाण्याचा बेतच जमला नाही. गाडी अंगणात उभी राहिली आणि मी अर्धपोटी तशीच पडून राहिले. बॅटरीला उपाशी ठेवले की तिच्या आतल्या शिशाच्या पत्र्यांवर पांढरा थर धरतो. मग तुम्ही कितीही चार्ज करा, पूर्वीइतके तिच्यात मावत नाही. काटा ‘भरली’ म्हणतो आणि ते खोटेही नसते. पेला काठोकाठ भरलेलाच असतो, पण पेलाच लहान झालेला असतो.

माझ्या सातव्या उन्हाळ्यात ते दोघे पुन्हा तळ्याकाठी निघाले. काकूंना आता साखरेच्या आजारासाठी रोज इंजेक्शन लागे. त्याच्या कुप्या छोट्या फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या.

काकू म्हणाल्या, "अहो, या बॅटरीचं एकदा बघून घ्या ना. मागच्या खेपेला दिवे मंद वाटले मला."

काकांनी कपाटाचे दार उघडून अक्षरांवर बोट ठेवले. "दोन दिवस. हे काय लिहिलंय."

"ते सहा वर्षांपूर्वीचं."

"मोजलेलं आहे ते, अंदाज नाही. एकदा मोजलं की मोजलं. हद्दीचा दगड काय जागा सोडून जातो?"

मी दगड नाही, असे मला ओरडून सांगायचे होते. पण दिवा मंद करण्यापलीकडे मला भाषा नाही, आणि तेवढे मी आधीच सांगून चुकले होते.

दुपारी आम्ही तळ्यावर पोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे खिडक्या लावून टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीकडे निघाले. ही चढणही काकांनी पूर्वी मोजली होती, चाळीस मिनिटे. काकूंनी नुसती काठी घेतली. ऊन चढले, बंद गाडी तापली. फ्रिज धापा टाकत मागतच राहिला. मी निम्म्याच्या खाली गेले, मग तळाला लागले, आणि दुपारी बाराच्या सुमारास माझ्याकडे द्यायला काही उरले नाही. फ्रिज टक् करून बंद पडला. गाडीत मी आणि त्या कुप्या, तिसरे कोणी नव्हते. इतके एकटे मला कधी वाटले नव्हते.

चाळीस मिनिटांच्या चढणीला दोन तास लागले होते. ते परतले तेव्हा चार वाजून गेले होते. काकांनी इंजिन सुरू केले, फ्रिज पुन्हा गुणगुणू लागला. तासाभराने कुप्यांना हात लावून ते म्हणाले, "झालं, थंड आहे की." काकूंनी त्यातलेच इंजेक्शन घेतले. दुसऱ्या दिवशीही घेतले. तिसऱ्या दिवशी त्यांना उठवेना.

त्यानंतर गाडी कितीतरी दिवस रिकामी होती. काकू वाचल्या की नाही, हेही मला कळत नव्हते. मी फक्त पावलांची वाट पाहत होते.

एका पहाटे दार उघडले. आधी काकांचे पाऊल वाजले, आणि मागून ते ओढणारे. काकूंना बाकावर उशीला टेकवून बसवत काका म्हणाले, "डॉक्टर म्हणाले ते खरं. एकदा तापलेलं औषध पुन्हा थंड करून उपयोग नसतो. चूक माझी आहे."

मग त्यांनी माझे झाकण काढले. आदल्या दिवशी बाहेरूनच तार जोडून मला चार्ज केले होते आणि रात्रभर निवांत ठेवले होते, कारण चार्जरवरून उतरल्या उतरल्या काटा फुगलेला असतो. सकाळी सहाला त्यांनी फ्रिज आणि दिवे लावले आणि घड्याळ घेऊन माझ्याजवळ जमिनीवर बसले. दर तासाला आकडा मोठ्याने वाचत. दिवसभर कोणीतरी माझ्याजवळ होते. पाच वाजता काटा निम्म्यावर आला.

"अकरा तास," काका म्हणाले. त्यांनी ‘दोन दिवस’ खोडले आणि खाली तारखेसह नवे लिहिले.

काकू म्हणाल्या, "आता माझंही मोजा."

"म्हणजे?"

"टेकडी चाळीस मिनिटांची आहे ना तुमच्याकडे? मी किती चालू शकते, ते विचारलंत कधी?"

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. मग त्यांनी विचारले, "किती जमतं तुला?"

"टेकडीच्या पायथ्याच्या बाकापर्यंत. त्याच्या पुढे मी तुमच्यासाठी चालत होते."

काकांचा हात पेन्सिलीकडे गेला, तेव्हा काकूंनी तो धरला. "लिहू नका. पुढच्या वेळी पुन्हा विचारा."

त्याच आठवड्यात माझ्या जागी नवी आली. ते योग्यच झाले, कुप्यांचा प्रश्न होता. काकांनी मला इथे आणले तेव्हा मिस्त्री म्हणाला, "काका, हिच्यात आता काही राहिलं नाही."

"अकरा तास आहेत," काका म्हणाले. "मी शेजारी बसून मोजलेत."

मित्रांनो, बॅटरी किती टिकते याचे उत्तर एकदा लिहून ठेवण्याजोगे नसते. ऊन, थंडी, वय, उपास, सगळ्यांनी ते बदलते. म्हणून तिला भरलेली ठेवा, निम्म्याच्या आत थांबा आणि अधूनमधून शेजारी बसून पुन्हा मोजा. घरातल्या माणसांनाही पुन्हा विचारा, कारण ती दिवाही मंद करत नाहीत, नुसती काठी घेऊन निघतात.

या फळीवर मला आठ महिने झाले. माझ्यात आता किती तास उरलेत, हे मलाही ठाऊक नाही. विचारायला अजून कोणी आलेले नाही.