लिंडसे ट्रेविनचा उजवा पाय

शनिवारी दुपारी एक वाजून बावन्न मिनिटांनी विराबिनच्या मैदानावर भोंगा वाजला आणि ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा, राखीव संघांचा सामना संपला. त्या क्षणी लिंडसे ट्रेविनचा उजवा पाय सीमारेषेच्या आत होता की बाहेर, यावर गावात अजून एकमत नाही.

आत असेल, तर वयाच्या चौसष्टाव्या वर्षी लिंडसेचे क्लबसाठी शंभर सामने पूर्ण झाले आणि क्लबघरातल्या लाकडी फलकावर सोनेरी अक्षरांत त्याचं नाव लागेल. बाहेर असेल, तर नव्व्याण्णव. आणि नव्व्याण्णववाल्यांचा फलक कुठेच नसतो. पुढची संधी नाही. विराबिनचा हा शेवटचा मोसम होता. पुढच्या वर्षापासून आम्ही आणि शेजारचं मिंजूर मिळून एकच क्लब होणार. जुना फलक आहे तसा भिंतीवर राहील आणि त्यात नंतर एक अक्षरही वाढणार नाही, एवढं दोन्ही समित्यांनी ठरवलं आहे. जर्सीच्या रंगावरून भांडण चालू आहे, पण तो वेगळा विषय.

प्रकरण सुरू झालं त्याच्या आदल्या शनिवारी, कुंपणापाशी. आम्ही तिघे नेहमीच्या जागी उभे होतो: कॅन्टीनच्या खिडकीपासून आठ पावलं, वारा पाठीवर. तिघेही एके काळी याच मैदानावर राखीव संघातून खेळलो. मुख्य संघाने आम्हाला कधी बोलावलं नाही, आणि या विषयावर आम्ही एकमेकांना काही विचारत नाही. माझ्या डाव्या बाजूला लिंडसे. उजव्या बाजूला डॅरिल हाइन, मेंढ्यांची लोकर कातरण्यातून निवृत्त झालेला. त्याला सगळे टपाल म्हणतात, कारण त्याने मारलेला चेंडू पोचायचा नक्की, पण दोन दिवसांनी.

डॅरिल १४ जुलै १९८४चा सामना सांगत होता. तो हा सामना दर मोसमात सांगतो. त्या दिवशी मिंजूरविरुद्ध त्याने चार गोल मारले होते, आणि त्याचं कात्रण प्लास्टिकमध्ये बंद करून त्याने पाकिटात ठेवलं आहे.

"आणि मग पाचवा," डॅरिल म्हणाला. "पन्नास मीटरवरून. तोंडावर वारा, डोळ्यांत धूळ..."

"पाचवा?" लिंडसेने विचारलं.

"पाचवा."

"गेल्या वर्षी चार होते."

"गेल्या वर्षी मी घाईत होतो."

"चार होते, डॅरिल."

"तुला काय माहीत? तुझ्यावर तर बंदी होती त्या दिवशी. त्या गोल-पंचाचा कोट काढून कुंपणावर टाकला होतास ना तू?"

"चारच होते, लेका," लिंडसे म्हणाला. "मीच मारले."

मैदानावर कुणाच्या तरी हातून उंच चेंडूचा झेल सुटला आणि कुंपणाला लागून उभ्या मोटारींतून शिव्या आल्या. 

"तुझी त्रेचाळीस नंबरची जर्सी घालून मारले," लिंडसे पुढे म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. चाळीस वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट माणूस बहुधा अशाच सपाट आवाजात सांगतो. "तू त्या दिवशी इथे नव्हतासच. शहरात होतास. वॉल्ट्झ शिकत होतास."

घटनाक्रम असा. १९८४च्या सप्टेंबरात डॅरिलचं जॉयशी लग्न ठरलं होतं. लग्नात नवरा-नवरीला वॉल्ट्झ नाचावा लागतो, पण त्याला नाचता येत नव्हतं आणि नाचाचा वर्ग शनिवारी दुपारी असायचा. लोकर कातरणाऱ्या माणसाने सामना सोडून वॉल्ट्झ शिकायला जावं, हे तेव्हा विराबिनमध्ये बोलायची सोय नव्हती. लिंडसेवर दोन सामन्यांची बंदी होती आणि पाय शिवशिवत होते. दोघांची गरज एकाच जर्सीने भागली. मिंजूरवाल्यांनी पाठीवरचा आकडा पाहिला. राखीव संघात चेहरा कोण बघतो? आमचा तेव्हाचा कर्णधार आता हयात नाही, आणि बाकीचे विसरले आहेत किंवा विसरल्याचं सांगतात.

सोमवारच्या अंकात छापून आलं: "विराबिन राखीव, गोल: हाइन ४." ते आकडे फोनवर मीच घेतले होते. मी तेव्हा जिल्ह्याच्या दैनिकात होतो, आणि तिथे शनिवारी संध्याकाळी तासाभरात बावीस सामन्यांचे आकडे उतरवावे लागत. नावामागचा माणूस कोण, हे विचारायला वेळ नसे. ती दुरुस्ती आज इथे करतो. हाइनच्या जागी ट्रेविन असे वाचावे.

लिंडसेने तो सामना मनातल्या मनात स्वतःच्या खात्यात धरला होता. १९८९ साली गुडघा गेला, तेव्हा त्याच्या हिशेबाने शंभर झाले होते. तो समाधानाने थांबला. मोसमाच्या शेवटच्या जेवणात यादी वाचली गेली: ट्रेविन, नव्व्याण्णव. पुढचं नाव होतं हाइन, शंभर. तोंड उघडावं तर दोघांचीही फजिती. त्याने बटाटे वाढून घेतले.

"मला तो पाचवा गोल अजून डोळ्यांसमोर दिसतो," डॅरिल म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच दिसत होता.

"तुला पाचच काय, सहापण दिसतील. तू बघायला नव्हतास ना, म्हणून."

तेवढ्यात मागून आवाज आला. "परत सांगा. सावकाश."

कॅन्टीनच्या खिडकीत बेव शुल्त्स उभी होती, एका हातात खिम्याची पाई, दुसऱ्या हातात सॉसची बाटली. बेव क्लबची चिटणीस. नोंदवह्या तिच्याकडे असतात. तेहतीस वर्षं तिने गावच्या शाळेत शिकवलं आहे, आणि चाळिशीच्या आतले सगळे तिला अजून मिसेस शुल्त्स म्हणतात.

"काही नाही, बेव. जुन्या गप्पा," मी म्हणालो.

"तू गप्प बस. तू तर ते छापलंस."

तिने सगळं ऐकून घेतलं आणि हात पुसून निकाल दिला. बंदी असताना खेळलेला सामना कुणाच्याच नावावर लागत नाही. म्हणजे लिंडसे नव्व्याण्णववरच. आणि जो सामन्याला नव्हताच, त्याचाही तो सामना नाही. म्हणजे डॅरिलसुद्धा नव्व्याण्णव.

"माझं नाव पस्तीस वर्षं फलकावर आहे!" डॅरिल म्हणाला.

"सोनेरी रंग खरवडता येतो. पण घाबरू नकोस. कोणी लिहून देत नाही तोवर वहीत आहे तेच खरं. तोंडी ऐकून मी नोंदी बदलत नाही."

"मी काही लिहून देणार नाही," लिंडसे म्हणाला. "याचं नाव काढून माझं थोडंच लागणार आहे?"

"मग बोललास कशाला?"

लिंडसेने थोडा विचार केला. "पाचवा सहन झाला नाही."

बेवने पाईवर सॉस घातला. "अजून एक शनिवार आहे, मिंजूरविरुद्ध," ती म्हणाली. "राखीव संघाला एक माणूस कमी पडतोय. रेषा ओलांडून आत पाऊल टाकलं की सामना धरला जातो. पळायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही."

गुरुवारी संघ जाहीर झाला: क्रमांक त्रेचाळीस, एल. ट्रेविन, बदली खेळाडूंच्या बाकावर. ती जर्सी सगळ्यांत मोठी असते, म्हणून दर वर्षी तीच उरते. लिंडसेची बायको ग्लेनिस हिने औषधाच्या दुकानातून त्याच्यासाठी दातांचं कवच आणलं. दुकानदाराने मुलासाठी का म्हणून विचारलं, तर ती म्हणाली, "हो, तसंच समजा."

बेत सोपा होता. राखीव संघ या मोसमात एकही सामना जिंकला नव्हता. मध्यंतरापर्यंत नेहमीप्रमाणे शंभरेक गुणांनी मागे पडायचं, मग लिंडसेला आत सोडायचं. त्याने एका कोपऱ्यात उभं राहून हवा खायची आणि टाळ्या घेत बाहेर यायचं. प्रशिक्षक कॅलम, वय सव्वीस, याला तो मान्य होता.

लिंडसेचं दुर्दैव असं की संघ चांगला खेळू लागला.

मध्यंतराला आम्ही फक्त अकरा गुणांनी मागे होतो. चारपैकी तिसऱ्या क्वार्टरनंतर तीन. खेळाडू संत्र्याच्या फोडी चोखत एकमेकांकडे संशयाने बघत होते. लिंडसे बाकावर गुडघ्याला पट्टी बांधून बसला होता. त्याच्याजवळ, बदलीच्या फाटकापाशी, पाण्याच्या बाटल्या घेऊन डॅरिल उभा होता. ते काम त्याने स्वतःहून मागून घेतलं होतं.

"कॅलम, पाठव की त्याला," डॅरिल ओरडला.

"तीन गुणांनी मागे आहोत आपण!"

"अरे, वर्षभर ऐंशीने मागे असता, तेव्हा बरं चालतं!"

"म्हणूनच तर! डॅरिल, पोरं जिंकतायत रे!"

कुंपणापाशी आमची पंचाईत झाली. आपल्या संघाने गोल मारावा की खावा, हेच कळेना. आमचे दोन गोल बसले, सहा-सहा गुणांचे, तेव्हा ग्लेनिसने टाळ्या वाजवल्या आणि नंतर स्वतःच्या हातांकडे पाहिलं. फक्त बेव पूर्वीसारखी होती. तिने घड्याळ खिडकीत मांडलं होतं आणि ती पाई विकत होती.

शेवटचं एक मिनिट. मिंजूरने अंतर कापत आणलेलं, विराबिन एका गुणाने पुढे. चेंडू आमच्या गोलासमोर, आणि आमच्या एका बचावपटूच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. तो आडवा झाला. कॅलमने बाकाकडे पाहिलं. बाकीचे तिघे आधीच जायबंदी होते.

"लिंडसे! जा! काही करू नकोस, नुसता कुणाच्या तरी वाटेत उभा राहा!"

लिंडसे फाटकापाशी आला. नियम असा की बाहेर येणारा रेषा ओलांडून आला, की मगच आत जाणारा जातो. बाहेर येणाऱ्याला दोघांनी धरलं होतं आणि तो एका पायावर उड्या मारत येत होता.

"लवकर ये, बाळा," डॅरिल म्हणत होता. "लवकर. ओरडायचं असेल तर इकडे येऊन ओरड."

तो रेषेबाहेर कोसळला. लिंडसेने उजवा पाय उचलला. भोंगा वाजला, त्याच वेळी मिंजूरने मारलेला चेंडू सगळ्या खांबांच्या पलीकडून मैदानाबाहेर गेला, आणि भोवतालच्या साठ-सत्तर मोटारींचे हॉर्न एकदम सुरू झाले. वर्षातला पहिला आणि क्लबच्या इतिहासातला शेवटचा विजय होता. सगळे चेंडूकडे पाहत होते. मीही. चार दशकं बातम्या लिहिल्या, आणि नेमकं पाहायचं ते सोडून भलतीकडे पाहिलं.

क्लबचं विजयगीत म्हणून झालं, गळाभेटी झाल्या, मग बेवने चौकशी सुरू केली. फाटकावरचा नोंदणीदार मिंजूरचा होता. त्याच्या कार्डावर: "४३ आत, १.५२." वेळ राखणाऱ्याच्या कार्डावर: "भोंगा, १.५२." सेकंद कोणीच लिहिले नव्हते. नोंदणीदार म्हणाला, लिंडसेने पाय उचलला आणि आपण लिहायला खाली वाकलो. कॅलम म्हणाला, आपण रडत होतो, काही दिसलं नाही.

"तूच सांग, लिंडसे," बेव म्हणाली.

"मला माहीत नाही."

"पाय तुझा होता."

"मी डोळे मिटले होते." त्याच्या अंगावर अजून त्रेचाळीस नंबर होता, एक डागही न पडलेला. "आत होता असं सांगितलं तर सगळे मानतील, हे मला कळतं. पण एकदा खोट्या नावाने खेळलोय. आता खोट्या पायाने नाही."

"मी पाहिलं," डॅरिल म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"पायाशीच उभा होतो मी. आधी पाय टेकला, मग भोंगा. बूट आत, गवतावर. टाच, चवडा, सगळं."

ग्लेनिसने लिंडसेचा हात धरला. बेवने वही उघडली.

"नंतर त्याने तो चेंडू अडवला," डॅरिल म्हणाला. "म्हणून तर गोल वाचला."

बेवने वही मिटली.

"चेंडू तिथून शंभर मीटरवर होता," ती म्हणाली.

"लांबूनच अडवला."

"डॅरिल, ज्याला दुसऱ्याचे गोल स्वतःचे म्हणून आठवतात, त्याची साक्ष मी कशी धरू?" तिने वहीच्या मागून कोरे कागद काढले. "लेखी दे. आधी १४ जुलै १९८४. कुठे होतास, काय करत होतास, खरं. मग आजचा पाय. पहिलं खरं निघालं तर दुसरं मी मानीन."

"पहिलं लिहिलं तर माझं नाव जाईल."

"जाईल."

"आणि जॉय वाचेल."

जॉय तेव्हा नेटबॉलच्या मैदानावर गुण लिहीत होती. लग्नाच्या दिवसापासून तिची समजूत आहे की डॅरिलचे पाय जन्मतःच तालात आहेत, आणि तिने हे चाळीस वर्षं सगळ्या गावाला सांगितलं आहे.

"राहू दे रे," लिंडसे म्हणाला. "नव्व्याण्णव काही वाईट आकडा नाही."

डॅरिलने कागद घेतले, घडी घातली आणि पाकिटात, त्या कात्रणाच्या मागे ठेवले. मग तो घरी गेला.

काल, सोमवारी, फलक रंगवणारा आला. बेवने त्याला चहा दिला आणि थांबायला सांगितलं. त्याने शेवटच्या ओळीत पेन्सिलने "एल. ट्रेविन" असं हलकं आखून ठेवलं आहे. तो शुक्रवारी सोनेरी रंग घेऊन येईल. खरवडायची पातीही आण, असं बेवने त्याला सांगितलं आहे. कशासाठी, ते सांगितलेलं नाही.

आज, मंगळवारी दुपारी साडेबारा वाजता मी हाइन यांच्या घरी फोन केला. जॉयने उचलला. डॅरिल शनिवारपासून जेवणाच्या टेबलावर बसून काहीतरी लिहितोय, असं ती म्हणाली. तिसरं पान चालू आहे. ती खोलीत गेली, की तो पहिलं पान हाताने झाकतो.